डिस्कवरचा शेंदूर

खोका उघडल्यावर बाबांनी बाइकला हात लावला नाही. हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, वाकून मोटर पाहिली आणि विचारलं, "मॅन्युअल कुठे आहे?"

भिलाईच्या स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये आयुष्य गेलेला माणूस. रिटायर झाल्यावर सेक्टर 10 चं क्वार्टर सोडून आम्ही रिसालीला आलो, तेव्हा पलंगाच्या आधी त्यांची पान्यांची पेटी घरात शिरली होती. माझ्या इलेक्ट्रिक माउंटन बाइकचं मॅन्युअल त्यांनी दोन दिवस पेपर वाचावा तसं वाचलं. तिसऱ्या दिवशी पोर्चमध्ये जुनी पांढरी चादर अंथरली आणि म्हणाले, "आण तुझं सामान."

नव्या बाइकसोबत काय काय हवं, याची यादी मी महिनाभर वाचून केली होती. एकेक वस्तू मी चादरीवर ठेवत गेले: एलन की, टायर काढायचे प्लास्टिकचे चपटे लिव्हर, दोन ट्यूब, पंक्चरचे तुकडे, छोटा पंप, चेन तुटली तर जोडायची कडी आणि गिअर ज्याला अडकवलेला असतो तो ॲल्युमिनियमचा छोटा तुकडा. पडल्यावर आधी तोच वाकतो, म्हणून एक जादा. शेवटी टॉर्क रेंच. बोल्ट किती घट्ट करायचा ते त्यावर ठरवता येतं.

"हँडलचा बोल्ट किती?" बाबांनी विचारलं.

"पाच."

"पाच?" त्यांनी आईला हाक मारली. "अवो, इकडे या! पाच न्यूटन-मीटर म्हणते. आमच्याकडे पाचमध्ये पेनाचं झाकण लागत होतं."

हसले, पण रेंच हातात घेतला तेव्हा त्यांचा चेहरा बदलला. पाचवर कट् असा आवाज झाला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. ज्या हाताने लांब पाइप लावून बोल्ट कसले होते, तो इतक्या हलक्या आवाजाचं ऐकतो, हे मी प्रथमच पाहत होते. काम झाल्यावर त्यांनी चादरीवरच्या वस्तू मोजल्या. सुरुवातीला अकरा होत्या, शेवटीही अकरा. मोजल्याशिवाय चादर उचलायची नाही, हा प्लांट दुरुस्तीसाठी बंद ठेवतानाचा, शटडाउनचा नियम.

यादीतली एक गोष्ट मी घेतली नव्हती: ब्रेक पॅड. नवी बाइक, पॅड कशाला लगेच झिजतात?

मी घरूनच काम करते. लोकांत मला शब्द सुचत नाहीत. सुचतात ते कोणत्या भाषेत बोलावे ते कळत नाही. शाळेत इंग्रजी, बाहेर हिंदी, घरी मराठी, आणि तिन्हींत मी गप्पच. पण बाइकवर मारोदाच्या तलावाकडच्या कच्च्या रस्त्याने जाताना, चढावर मोटर पायांत अलगद येऊन मिसळायची, तेव्हा मी मोठ्याने "अरे!" म्हणायचे. एकटीच. कुणी ऐकायला नसताना.

म्हणून दुर्गच्या एका सायकल ग्रुपने दल्लीच्या लोखंडाच्या खाणींकडच्या डोंगरात रविवारी राइड ठरवली, तेव्हा मी 'हो'वर बोट ठेवलं. त्याआधी अशा तीन राइडना मी 'हो' म्हणून आदल्या दिवशी ताप आल्याचं कळवलं होतं. चौथ्यांदा असं केलं तर मी कधीच कुठे जाणार नाही, एवढं मला स्वतःबद्दल माहीत होतं.

गुरुवारी दसरा होता. सकाळी बाबांच्या पान्यांची पेटी, स्कूटर आणि माझी बाइक ओळीने धुऊन उभी. आईने हँडलला झेंडूचा हार घातला, बॅटरीवर हळद-कुंकू लावलं. मग तेलात कालवलेला शेंदूर अनामिकेवर घेऊन ती मागच्या चाकाशी बसली. तिथे ब्रेकची स्टीलची चकती, म्हणजे डिस्क, चमकत होती. सबंध बाइकमध्ये तीच चक्रासारखी दिसत होती.

मला माहीत होतं. डिस्कला तेलाचं बोट लागता कामा नये, हे मी दहा ठिकाणी वाचलं होतं. मी आरतीचं तबक धरून मागेच उभी होते. पण पूजा करणाऱ्या आईचा हात कसा धरायचा? मी शब्द जुळवत राहिले आणि तेवढ्यात पाच ठिपके लागून गेले. पुढच्या डिस्कवर हार लोंबत होता, म्हणून ती वाचली.

"प्लांटात आम्ही क्रेनच्या हुकालेही शेंदूर लावत होतो," बाबा समाधानाने म्हणाले.

डिस्क पुसून घेऊ, असं मनात म्हणत होते, तेवढ्यात आई म्हणाली, "एक चक्कर मार, मुहूर्त आहे." मी मारली. वळणावर मागचा ब्रेक दाबला, तर तो किंचाळला आणि बाइक पुढेच जात राहिली. पुढच्या ब्रेकने कशीबशी थांबले.

बाबांनी डिस्कवर बोट फिरवून वास घेतला. मग माझ्याकडे पाहिलं.

"तुले माहीत होतं?"

मी होकाराची मान हलवली.

"मग बोलली कावून नाही?"

"मले तरी सांगायचं ना गं," आई म्हणाली. "मी काय दुश्मन आहे का तुझ्या ब्रेकची?"

पुन्हा पांढरी चादर आली. बाबांनी आधी बॅटरी काढायला लावली आणि तिची चावी माझ्या मुठीत दिली. "मशीन उघडं असलं की चावी आपल्या खिशात. दुसऱ्याच्या नाही." चाक उतरलं, पॅड बाहेर आले. नखाएवढे दोन तुकडे. माझं वजन, बाइकचं वजन, वर उताराचा वेग, एवढं सगळं हे दोन तुकडे धरून ठेवतात. मी ते तळहातावर घेऊन बघतच राहिले.

बाबांनी डिस्क स्पिरिटने चार वेळा पुसली, दर वेळी नवी चिंधी घेऊन. पॅड पॉलिश पेपरवर घासले. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आम्ही गल्लीत चाचणी घेत होतो. मी ब्रेक दाबायची जागा त्यांनी खडूने आखली होती आणि मी जिथे थांबेन तिथे ते विटेचा तुकडा ठेवायचे. दहा वेळा थांबले. वीट दर वेळी रेषेपासून फार लांब.

"पॅडनं तेल पिऊन टाकलं," ते शेवटी म्हणाले. "डोंगर उतरायचा नाही यावर. नवे पाहिजेत."

भिलाईत फोन केलेल्या दोन्ही दुकानांत नव्हते. मागवले तर मंगळवारी येणार होते. आणि मला, खरं सांगते, क्षणभर हायसं वाटलं. या वेळी तापाचं कारण द्यायची गरजच नव्हती.

बाबांना ते दिसलं असावं. त्यांनी पॅड पांढऱ्या कागदावर ठेवला, शेजारी स्टीलची पट्टी ठेवली. "फोटो काढ. साइज दिसली पाहिजे. टाक ग्रुपवर."

"सगळ्यांना?"

"नाही तर कोणाले?"

ते वाक्य मी सात वेळा लिहून खोडलं. शेवटी हिंदीत एवढंच गेलं: कुणाकडे असे पॅड आहेत का, माझे चुकून तेलात खराब झाले. दोन मिनिटांत फोन वाजला. ग्रुपमधल्याच, दुर्गच्या पद्मनाभपूरच्या एक बाई.

"मेरे पास दो सेट हैं. तेल कैसे लग गया?"

मी काही रचून सांगणार होते. पण म्हणाले, "दशहरे की पूजा में. सिंदूर."

मागून आई ओरडली, "विचार ना, किती वाजता येऊ म्हणून!"

"अगं बाई, मराठी आहेस होय?" त्या इतक्या हसल्या की फोन कानापासून दूर धरावा लागला. "ये उद्या दहाला. आमच्याकडे सासूबाई लावायला निघाल्या होत्या, मी डिस्कवर शॉवर कॅपच चढवली. तूही तेच कर."

शनिवारी त्यांच्या अंगणात बाबांनी पॅड बसवले, बाईंचे पाने मोजून परत दिले, आणि मी त्यांच्या गल्लीत वीस वेळा वेग घेऊन वीस वेळा थांबले. नव्या पॅडला डिस्कची ओळख व्हावी लागते. सोळाव्या-सतराव्या वेळी ब्रेकने जमीन पकडल्यासारखं झालं.

रविवारी डोंगरमाथ्यावरून सगळे एकेक करून खाली सुटले. मी शेवटून दुसरी. उतार वरून दिसत होता त्यापेक्षा उभा निघाला. लाल माती, सुटे दगड, दोन्हीकडे सालाची झाडं. अर्ध्या वाटेवर झाडी एकदम उघडली आणि खाली दरीभर जंगल, त्यात खाणीचे लाल कापलेले टप्पे, आणि त्यांवर सरकणाऱ्या ढगांच्या सावल्या दिसल्या. मी दोन्ही ब्रेक दाबले. बाइक त्या उभ्या उतारावर, मला हवं तिथेच उभी राहिली.

सगळ्यांत मागचे काका घाबरून वेग कमी करत जवळ आले. "क्या हुआ बेटा? कुछ टूटा?"

"नहीं अंकल," मी म्हणाले. "आप भी रुकिए ना. देखिए तो."

ते थांबले.