दिसतंय तेवढंच सांग

घरात कुणाचाही कॉम्प्युटर रुसला, की पहिला फोन जातो तो थोरल्या वहिनींना. वहिनी कुणाकडे जात नाहीत. गुडघे त्यांना जिना उतरू देत नाहीत, आणि जायची गरज असते असं त्यांना वाटतही नाही. सगळी नोकरी त्यांनी एका मोठ्या दवाखान्याच्या टेलिफोन बोर्डावर काढली. घाबरलेला माणूस काय झालंय ते सांगत नाही, काय झालं असेल असं त्याला वाटतं ते सांगतो, हे त्या तिथे शिकल्या. कॉम्प्युटर शिकल्या निवृत्तीनंतर, चुका करत करत, आणि केलेली चूक त्या सहसा विसरत नाहीत.

त्यांची रीत ठरलेली. आधी समोरच्याला माउसवरचा हात काढायला लावायचा. मग स्क्रीनवर दिसतंय ते वाचून घ्यायचं, अक्षर न् अक्षर. "मला वाटतं व्हायरस शिरलाय," असं कुणी म्हणालं की त्या म्हणतात, "वाटण्याचं नंतर बघू, आधी वाच." निम्म्या तक्रारी वाचता वाचताच मिटतात. कुणाची वायर निसटलेली असते, कुणाच्या कीबोर्डावर बशी टेकलेली असते. बंद करून पुन्हा चालू कर, हा सल्ला मात्र त्या पटकन देत नाहीत. बंद केल्याने काय हरवेल, ते आधी बघून घेतात.

त्या सकाळी धाकट्या जावेचा फोन आला तेव्हा त्या भाजी निवडत होत्या. जाऊ रडत नव्हती, आणि तेच काळजीचं होतं. मुलं मोठी झाल्यावर, कितीतरी वर्षांनी, तिने पुन्हा काम धरलं होतं. एका प्रकाशकाने मधमाश्यांवरचं जाडजूड पुस्तक तिच्याकडे तपासायला पाठवलं होतं, परीक्षा म्हणून. आज संध्याकाळपर्यंत परत पाठवायचं, पसंत पडलं तर पुढची पुस्तकं तिला. चुका शोधायला बाहेर कशाला जायचं, घरात काय कमी आहेत, असा विनोद नवऱ्याने पहिल्याच दिवशी करून घेतला होता. तिने मान वर न करता आठवडाभर काम केलं. आणि आज फाईल उघडली, तर पुस्तक जसंच्या तसं, तिची एकही दुरुस्ती नाही.

वहिनींनी भाजी बाजूला सारली आणि एकेक करून विचारायला सुरुवात केली. आठवडाभर तिने फाईल कधी बंदच केली नव्हती. काम झालं की सेव्ह करायचं आणि लॅपटॉपचं झाकण मिटायचं. काल मशीन फार मंद चालतंय म्हणून नवऱ्याने सगळं रीतसर बंद केलं. आज तिने प्रकाशकाच्या ईमेलमधल्या फाईलवर क्लिक केलं. इथेच वहिनींना उलगडा झाला. ईमेलला चिकटलेली फाईल प्रकाशकाने पाठवली तशीच राहते. दर क्लिकला ती एक नवी कोरी प्रत उतरवून देते. जावेने तर जिवाच्या आकांताने बरेच क्लिक केले होते.

"मग तुझी पहिली प्रत डाउनलोडच्या फोल्डरमध्ये असणार," वहिनी म्हणाल्या. "उघड आणि वाच."

तिथे त्या नावाची एकच फाईल होती, आणि तीही कोरी.

मग फोनवर दिरांचा आवाज आला, नेहमीपेक्षा बारीक. "वहिनी, तिथे एकाच नावाचा ढीग पडला होता. मी मघाशी जुन्या काढून टाकल्या. सगळ्यांत नवी ठेवली."

दीर म्हणजे दारातल्या चपलासुद्धा टोकाला टोक लावून ठेवणारा माणूस. जुनं टाकावं, नवं ठेवावं, हा त्यांचा नियम, आणि दुधाच्या बाबतीत तो बरोबरही आहे. पण इथे जी सगळ्यांत नवी, तिला कुणाचा हातच लागला नव्हता.

"टाकल्या कुठे?"

"टोपलीत, रिसायकल बिनमध्ये. ती रिकामी करायलाच घेतली होती, तेवढ्यात हिने तुम्हाला फोन लावला."

"भावजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "माउस तिच्या हातात द्या आणि चहाचं आधण ठेवा. दोघांपुरतं. माझा मी इथे करून घेते."

जावेने टोपली उघडली. सगळी नावं सारखी, फक्त शेवटच्या कंसातला आकडा वेगळा. ती एकेक नाव वाचू लागली, तर वहिनींनी थांबवलं. नावं राहू देत, फायली यादीसारख्या मांडून घे आणि प्रत्येकीपुढे आकार लिहिलाय तो वाच, म्हणाल्या. जाऊ वाचत गेली. सारखा, सारखा, पुन्हा तोच.

"ताई, ही एक जाड आहे."

"का गं असेल जाड?"

"माझे शेरे. समासात लिहिलेत ना मी, पानोपानी."

"मग तिच्यावर उजवं बटण दाब आणि रिस्टोअर कर. बाकीच्यांना हात लावू नकोस."

माउसचे दोन-तीन टकटक आवाज आले. वहिनींनी घाई केली नाही. बोर्डावर बसून त्यांना थांबायची सवय होती. मग जाऊ फाईल उघडून आपला शेरा वाचू लागली, "पोळ्याचं चित्र उलटं छापलंय, सरळ करावं."

इथे बहुतेक जण आनंदाने फोन ठेवून देतात आणि दुपारी पुन्हा करतात. वहिनींनी ठेवू दिला नाही. ती फाईल नव्या नावाने कामाच्या फोल्डरमध्ये सेव्ह करायला लावली, एक प्रत पेन ड्राइव्हवर घ्यायला लावली. ईमेलला जोडल्यावर, पाठवायच्या आधी, जोडलेली फाईल एकदा उघडून आपला शेरा दिसतो का तेही बघायला सांगितलं. दिसला. दिरांनी केलेला चहा निवायच्या आत पुस्तक गेलं.

"आता तरी ती टोपली रिकामी करू का?" दिरांनी मागून विचारलं. "बघवत नाही."

"प्रकाशकाचं उत्तर येईपर्यंत नाही," जाऊ म्हणाली. "आणि आलं, तरी मला विचारून."

दीर बरं म्हणाले. पलीकडे वहिनींनी ते ऐकलं, आणि आपलं इथलं काम झालं म्हणून फोन ठेवला.