उभ्यानं चहा

जळगावात डाळ मिलसमोर माझी चहाची टपरी होती. एक हमाल रोज उभ्यानंच चहा प्यायचा. बसला की गुडघ्यांवर दोन्ही हात रेटल्याशिवाय त्याला उठता येत नसे. मुकादमानं ते पाहिलं असतं, तर टोळीतून काढलंच असतं. मी म्हटलं, "मेल्या, मग पोती कशी वाहतोस?"

"अक्का, पोतं पाठवर शे तवर बठ्ठाच हमाल वाकेल दिसतस. भ्याव रिकामं चालानं शे."

एकदा मुकादम बाकावर सरकून त्याला म्हणाला, "बस, भाऊ."

मी ओरडले, "बाक मोडका आहे, दोघं बसू नका!"

मुकादम हसून स्वतः उठला. "मग तू एकटा बस."

तो बसला. मिलचा भोंगा झाला तरी रिकामा कप तोंडाला लावून बसला होता, आणि मुकादम त्याच्यासाठी थांबला होता.