खिडकीजवळचे वेढे

तुमच्या मुलांच्या शाळेवरची वीजरोधक तार छपरापासून जमिनीपर्यंत कशी उतरते, हे तुम्ही कधी बघितलंय? मीही बघितलं नव्हतं, आणि ती तर माझ्याच वडिलांनी बसवलेली होती.

वडील वायरमन. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. एप्रिलमधल्या एका रविवारी मंद्रूपकडच्या एका गावात शाळेवर वीज पडली. ती तारेतून निम्म्या वाटेपर्यंत खाली आली आणि खिडकीच्या गजांवर उडाली. गजांना टेकलेला बाक जळून कोळसा झाला. तो दुसरीच्या वर्गातला होता.

सोमवारी मी वडिलांबरोबर गेले. ते काम घेतलेल्या कंत्राटदाराचा इंजिनिअर तारेला मीटर लावून बसलाच होता. तार ठीक असल्याचा कागद त्याने मुख्याध्यापिकाबाईंपुढे सरकवला. "रीडिंग ओके आहे. बाई, सही करा आणि वर्ग भरवा. वीज म्हणजे देवाची करणी."

"मग सही बी देवाचीच घ्या की," वडील म्हणाले.

मुख्याध्यापिकाबाईंचा हात कागदावरच थांबला.

वडील खिडकीशी गेले. तिथे तारेचे सात-आठ वेढे सुबक बांधून ठेवलेले होते. उरलेली तार तोडायची नाही, पुढे लागेल म्हणून गुंडाळून ठेवायची, अशी आमच्याकडच्या वायरमनांची रीत. वडिलांच्या वेढ्यांचं तर सगळे कौतुक करायचे.

"हे वेढे माझंच हायेत," ते म्हणाले. "वीज हितं अडली."

इंजिनिअर हसला. "मामा, तार अखंड आहे. मीटर खोटं बोलतं होय?"

"मीटर खरंच बोलतंय. पन त्ये चमचाभर करंट सोडतंय, त्यो बी दमानं. वीज लई मोठी, आन् डोळा लवायच्या आत समदी येती. एवढी वळनं कुटं घेनार ती? जवळचं लोखंड धरती."

मला आमच्याकडच्या नवी पेठेतल्या बाजाराचा अरुंद बोळ आठवला. एकेक माणूस त्यातून निवांत जातो. तीच माणसं जमावानं एकदम आत घुसली, तर पहिल्याच वळणावर दुकानाची फळी मोडते.

"मग चूक लिहून द्या," इंजिनिअर म्हणाला.

"देतो की. लिही गं पोरी."

लोकांच्या चुकांवर मी ढीगभर पत्रकं लिहिली आहेत. आमच्या घरातल्या चुकीवरचं ते पहिलं. शब्द एकही सौम्य केला नाही. शेवटची ओळ वडिलांनी सांगितली: तार सरळ होईपर्यंत या खोलीत एकही मूल बसणार नाही.

बाईंनी इंजिनिअरच्या कागदावर नाही, आमच्या कागदावर सही केली. दुसरीची मुलं पलीकडच्या खोलीत गेली. वडिलांनी दुपारभर खपून वेढे तोडले, तार सरळ उतरवली, तिच्या पायथ्याशीच जमिनीत अर्थिंगचे नवे रॉड ठोकले आणि वीज पुन्हा हवेतून गजांवर उडू नये म्हणून खिडकीचे गज त्या तारेला जोडून घेतले.

आता तुम्ही उठा. आभाळ निरभ्र असताना मुलांच्या शाळेत जा आणि छपरापासून जमिनीपर्यंत ती तार नजरेनं उतरा. हात लावू नका. कुठे वेढे दिसले, तर जाणत्या वायरमनकडून ती सरळ करून मागा. कुणी मीटरचा आकडा दाखवून सही मागितली, तर तार सरळ होईपर्यंत देऊ नका.