देवळावरचा ठिपका

बाबालाल नदाफ कधी चिडत नाहीत, याचाच मला राग येतो. मंगळवार पेठेत आमचं नकाशांचं छोटं ऑफिस आहे. सरकारी कामं ठेक्यानं घेतो. गेली नऊ वर्षं बाबालालचाचांचं आणि माझं टेबल शेजारी शेजारी. चाचा आधी हातानं नकाशे काढायचे, पन्नाशीत डोळे चोळत संगणक शिकले. आता आम्हा दोघांचं रोज एकच काम. गावावर ठिपका ठेवायचा, तिथून दवाखान्यापर्यंतचं अंतर सॉफ्टवेअरकडून मोजून घ्यायचं आणि त्या भागातल्या सगळ्या गावांची सरासरी काढायची. सरासरी पाच किलोमीटरच्या वर गेली, तरच तिथं नवं आरोग्य उपकेंद्र.

उपग्रहाच्या चित्रात गाव म्हणजे झाडी आणि कौलं. उठून दिसतं ते एकटं पांढरं देऊळ. म्हणून ठिपका देवळावर, ही आमच्या ऑफिसची जुनी रीत. पटापट काम उरकतं.

चंदगडच्या एका भागाची सरासरी चार पूर्णांक एक आली. अहवाल गेला आणि महिन्यानं पडताळणीचं पत्र आलं. वरातीमागून घोडं! दोन फोटो काढून आणायचे म्हणून चाचांना पाठवलं. एसटीतून उतरून धनगरवाड्यावर चढायला त्यांना दोन तास लागले. तिथल्या विठाबाईंनी पाणी दिलं. चाचांनी मोबाईलवर नकाशा दाखवला. "मावशी, हे तुमचं गाव. दवाखाना चार किलोमीटर."

विठाबाईंनी ठिपका निरखून पाहिला. "पावणं, ह्ये तर खालचं देऊळ. तितं कोण ऱ्हातंय? देवाला कळा येत्यात व्हय?"

गेल्या वर्षी त्यांच्या सुनेला डोलीत घालून खाली नेत होते. डोली खाली ठेवून दम घ्यायच्या जागा चार. तिसऱ्या जागी ती बाळंत झाली. मूल जगलं नाही.

चाचा सुजलेले पाय घेऊन परत आले आणि त्या भागातल्या एकेका घरावर ठिपका ठेवत, पायवाट जोडत बसले. सतरा दिवस. मी म्हटलं, "चाचा, हे करायला सांगितलंय कुणी?"

"कुणी न्हाय. पन इतकी वरसं मी देवाचंच अंतर मोजलं की."

नवी सरासरी सहा पूर्णांक चार आली. आमचे मालक आदर्शसर कागद बघून म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. पण तोवर जुना आकडा मंजूर झालाय. आता पुढची पाहणी पाच वर्षांनी." मी तोंडाला येईल ते बोलले. चाचांनी फक्त चष्मा पुसला. मला इतका थकवा आला की डबाही उघडवेना.

परवा विठाबाईंचा फोन आला. चाचांनी तो स्पीकरवर लावला.

"पावणं, आमचा ठिपका लागला न्हवं?"

"लागला, मावशी. तुमच्या दारातच लावलाय."

"ब्येस झालं. सून परत पोटुशी हाय. उनाळ्यात दिस भरत्यात. तवर डाक्टर येतोय की?"

मी मान खाली घातली. त्या देवळावरचा ठिपका चाचांनी ठेवलाच नव्हता. तो माझ्या हातचा होता. त्यांना ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे.