माझ्या नावाचा पत्ता
कूलरमधला वाळा भिजला की मला हैदराबादच्या नारायणगुड्यातला माडीवरचा तो कॉम्प्युटर क्लास आठवतो. नव्वदीच्या अखेरीस तिथे रविवारी काही हौशी मंडळी एक सॉफ्टवेअर मराठीत आणायला जमत. मराठी शब्द मी घरी बसून लावत असे, पण ईमेलची पेटी आमच्या यांच्या ऑफिसातली, म्हणून सगळं काम यांच्या नावानं जाई. त्या मंडळींत सर्वांची ईमेलची खाती सांभाळणाऱ्या तेलुगू गृहस्थांना ते कळलं तेव्हा ते म्हणाले, "भाभी, काम आप करते, नाम साब का कायकू?" आणि त्यांनी तिथंच माझ्या नावाचा एक पत्ता काढून दिला, त्यावर आलेली पत्रं यांच्याच पेटीत पडणार होती. तोवर माझ्या माहेरचं पत्रसुद्धा हे आधी फोडत, मग मला देत. त्या आठवड्यात ऑफिसातून आल्या आल्या यांनी घडी घातलेला एक कागद माझ्यापुढे धरला. "तुझं आहे. छापलंय, वाचलं नाही," म्हणाले. आता माझी पेटी वेगळी आहे, पत्ता मात्र त्या गृहस्थांनी दिलेलाच ठेवलाय. आणि माझ्या नावाचा लिफाफा आला, तर हे अजूनही तो न फोडता माझ्या चष्म्याखाली ठेवून देतात.