सांजेची पाहुणी

सासूबाई मला ‘तुम्ही’ म्हणायला लागल्या की ओळखायचं, दिवस मावळायला आलाय. एरवी आमच्या भालकीच्या घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी चालतं आणि अव्वा, म्हणजे सासूबाई, मला दोन्ही भाषांत झाडतात. पण विसरण्याचा आजार जडल्यापासून संध्याकाळी त्यांच्या आवाजात एकदम साखर यायची. पदर सावरून म्हणायच्या, “अंधार पडायलाय बाई. तुमची उदगीरची बस जाईल की.”

उदगीर माझं माहेर. तेवढं त्यांच्या बरोबर ध्यानात होतं. लग्न तेवढं निसटलं होतं.

सुरुवातीला मी वाद घालायचे. “अव्वा, मी सून हाय तुमची. बस कामून धरू?” पाहुणीनं चेष्टा केल्यासारख्या त्या हसायच्या. मग हसू जायचं. दार उघडायच्या, लावायच्या, येरझाऱ्या घालायच्या. “ही बाई उठंना झालीय,” म्हणून रडकुंडीला यायच्या. एकदा नवरा मध्ये पडला. “अव्वा, बायको हाय माझी.” अव्वांनी त्याला कोपऱ्यात नेलं आणि मला नीट ऐकू येईल इतक्या हळू विचारलं, “तुझ्या बायकोला ठाऊक हाय का हे?”

बिदरच्या डॉक्टरांनी सांगितलं, उजेड उतरायच्या आधीच दिवे लावा, पडदे ओढा, टीव्हीवरच्या बातम्या बंद करा, हाताला काही काम द्या. आणि वाद घालू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड. हरायची मला सवय नाही.

तरी केलं सगळं. लख्ख उजेडात अव्वा तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि कितीतरी संध्याकाळी बसचं नावही निघायचं नाही. पण कधीकधी निघायचंच. अशाच एका संध्याकाळी मी वैतागून पिशवी उचलली. “येते मग,” म्हटलं.

“या हं परत,” अव्वा म्हणाल्या. चेहरा असा मोकळा झाला की मला जरा रागच आला.

मी चपला घालून बाहेर पडले, गल्लीतून वळसा घेतला आणि परसदारानं स्वयंपाकघरात येऊन पीठ मळायला बसले. थोड्या वेळानं अव्वा आत आल्या.

“कुठं होतीस गं? गेली एकदाची. माणूस बरं हाय, पण लई बोलती.”

“व्हय अव्वा. मलाबी तसंच वाटलं.”

त्या दिवशी त्या शांत बसून पोटभर जेवल्या. मग ही युक्ती आमच्या अंगवळणीच पडली. शेजारची अक्का कट्ट्यावर बसून हे बघायची. शेवटी तिनं विचारलंच, “पुढच्या दारानं रुसून निघतीस आन मागच्या दारानं घुसतीस. नवरा मनवंना झालाय का?” मी कारण सांगितलं तशी आधी खूप हसली, मग पदरानं डोळे पुसले. तेव्हापासून मी बाहेर पडले की तीच मोठ्यांदा ओरडायची, “चला बाई, बस लागलीय!” आत अव्वांना ऐकू जावं म्हणून.

मागच्या थंडीत एकदा मी पिशवी घेऊन उठले, तर अव्वांनी माझं मनगट धरलं. “गार लई हाय. ऱ्हावा आज.”

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. आता सून कुठून आणायची? अव्वांनी मला खाली बसवलं, माझ्या गुडघ्यांवर आपली शाल टाकली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, “अगं, पाहुणीला भाकरी वाढ!”

आतून कोण ओ देणार? नवराच उठला. भाकरी, भाजी, वर तुपाचा गोळा असं ताट घेऊन आला. अव्वांनी ताटाकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि ओशाळून मला म्हणाल्या, “सून हाय आमची, चांगली हाय. आज कुठं गेली कोण जाणे. असती तर भेट झाली असती तुमची.”

मी भाकरीचा तुकडा मोडून तुपाला लावला.

“पुढच्या खेपेला भेटीन की,” मी म्हटलं.