पटावरचे बावीस दिवस

सुचित्रा पेडणेकर आणि मी नायगावच्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर वाढलो. तिचे वडील, आमचे लवूकाका, गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. काकांचे हक्काचे पैसे पुढे कित्येक वर्षं तुकड्या-तुकड्यांनी येत राहिले, आणि प्रत्येक तुकड्यासाठी त्यांना कुठल्यातरी खिडकीसमोर उभं राहावं लागलं. सुचित्राला कागद वाचायची सवय तिथेच लागली असावी. वडिलांना इंग्रजी येत नसे, म्हणून नववीतल्या मुलीला सोबत नेत.

मी शाळेत शिक्षिका झाले. ती बी.कॉम. होऊन दादरच्या एका जाहिरात कंपनीत पगारपत्रकं करू लागली. मग २०२१ च्या जानेवारीत, छत्तिसाव्या वर्षी, तिने परळच्या एका नव्या कंपनीत उडी मारली. जुन्या गिरणीच्या आवारातली काचेची इमारत, त्यात चौथ्या मजल्यावर एक हॉल आणि दहा माणसं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटचं आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवायचे. मालक अनिश तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, सगळे त्याला नावानेच हाक मारत. माणसं नेमायची, पत्रं द्यायची, पगार-सुट्ट्या बघायच्या, हे सगळं सुचित्राकडे.

कंपनी पगार कमी द्यायची आणि उरलेल्याच्या बदल्यात शेअर्सचा हक्क द्यायची. तो लोकांना समजावून सांगणं हे तिचंच काम. दौलत वरळीकरांना तिने ते कसं समजावलं, हे तिने मला इतक्यांदा सांगितलंय की मी तिथे होते असंच वाटतं.

दौलतदादा वरळी कोळीवाड्यातले. घरची होडी धाकट्या भावाने, उत्तमने सांभाळली. हे छापखान्यात लागले, तिथून कॉम्प्युटर शिकले आणि सॉफ्टवेअर तपासायच्या कामात मुरले. शेहेचाळीस वर्षांचे होते. आधीच्या नोकरीत वर्षाला चौदा लाख मिळत, इथे दहा.

"मॅडम, चार लाख कमी होतायत," ते पत्र पुढे सरकवत म्हणाले.

"त्याच्या बदल्यात हे शेअर्स आहेत, दौलतदादा. पण सगळे आजच मिळत नाहीत. चार वर्षं, दर वर्षी चौथा हिस्सा. तुम्ही अकरा जूनला रुजू होताय, म्हणजे पुढच्या अकरा जूनला पहिला हिस्सा तुमच्या नावावर पक्का. मध्ये सोडून गेलात तर पक्का झालेला तुमचा, बाकीचा गेला."

"आणि तुम्हीच काढलंत तर?"

"तरी तेच."

"पक्का झाला म्हणजे पैसे मिळाले?"

"नाही. कंपनी विकली गेली किंवा बाजारात आली, तर तेव्हाच्या भावाने मिळतील. भाव शून्यही असू शकतो."

हे सगळं पत्रात होतं. पुढचं वाक्य मात्र पत्रात नव्हतं. दौलतदादा पेन हातात धरून नुसतेच बसले होते, आणि सुचित्राला माणूस हातचा जाऊ द्यायचा नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही हा पगारच समजा. थोडा उशिरा मिळणारा."

त्यांनी सही केली.

तीन वर्षांत दहाची नव्वद माणसं झाली. मग गुंतवणूकदारांनी हात आखडता घेतला. २०२४ च्या मे महिन्यात अनिशने सुचित्राला केबिनमध्ये बोलावून तेवीस नावांची यादी दिली. वीस मेला पत्रं द्यायची. दोन महिन्यांच्या नोटिशीचा पगार एकरकमी हातावर ठेवायचा आणि त्याच दिवशी संबंध संपवायचा. आठवं नाव दौलत वरळीकर होतं.

तिने प्रत्येकाच्या नावापुढे त्याची शेअर्सची तारीख लिहून काढली. तेविसातल्या चौघांचा पुढचा हिस्सा त्या दोन महिन्यांतच पक्का होणार होता. दौलतदादांचा तिसरा हिस्सा अकरा जूनला, म्हणजे बावीस दिवसांनी. गुंतवणूकदारांनी शेवटी लावलेल्या भावाने त्या एका हिश्शाचे साडेचार लाख होत होते. जवळजवळ वर्षभर ज्यासाठी त्यांनी कमी पगार घेतला, ते बावीस दिवसांवरून जाणार होतं.

त्या वेळी आमची चाळ पाडायला घेतली होती आणि पेडणेकरांचं बिऱ्हाड वडाळ्याला भाड्याच्या घरात होतं. सकाळी चहा घेताना तिने वडिलांना सगळं सांगितलं. तिला वाटलं, गिरणीत जन्म घालवलेला माणूस, म्हणेल भांड जाऊन.

लवूकाकांनी आधी एवढंच विचारलं, "तुझा नाव नाय ना त्या यादीत?"

"नाही."

"मगे गप रव. तुझ्याच पगारावर घर चलता. माका ह्या वयात परत ता बघूचा नाय."

ती चिडून, चहा तसाच टाकून निघाली. पण मला सांगताना म्हणाली, "बाबा घाबरले होते गं. मी त्यांना घाबरलेलं पहिल्यांदाच बघितलं."

ऑफिसात पोचल्यावर ती थेट अनिशकडे गेली आणि चार नावांचा कागद त्याच्यासमोर ठेवला.

अनिशने तो वाचला. "हे मुद्दाम नाही केलं, सुचित्रा. तारखा बघितल्याच नव्हत्या."

"माहीत आहे. म्हणूनच दाखवतेय. नोटिशीचा पगार आपण देतोच आहोत. तो एकरकमी नको, महिन्याच्या महिन्याला देऊ आणि दोन महिने नाव पटावर ठेवू. लॅपटॉप आजच घे, पासवर्ड आजच बंद कर. त्यांनी ऑफिसला यायचंही नाही. फक्त माणूस कागदावर राहील."

"वकील म्हणतात, एका दिवसात संपवा."

"वकिलांना पैसे तेवढेच जातायत हे सांगितलंस?"

"पैसे तेवढेच नाहीत. शेअर्स जास्त जातात. बोर्डाला विचारावं लागेल."

"मग विचार. तोवर मी पत्रं देत नाही."

त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला. मग म्हणाला, "आधी यादीत चोवीस नावं होती. चोविसावं मी खोडलं. कोणाचं ते विचारू नकोस."

ते नाव कोणाचं, हे सुचित्राला न विचारताच कळलं. खुर्ची समोर होती, पण बसले तर उठवणार नाही म्हणून ती उभीच राहिली. "त्यासाठी थँक्यू," ती म्हणाली. "पण पत्रं मी नाही देणार."

दोन दिवसांनी बोर्डावरच्या गुंतवणूकदारांच्या माणसाबरोबर कॉल झाला. त्याने विचारलं, यात कंपनीचा फायदा काय? सुचित्रा म्हणाली, "सर, उद्या आपण पुन्हा माणसं घेऊ. पगार पुन्हा कमीच देऊ आणि शेअर्स दाखवू. तेव्हा समोरचा मला विचारेल, तुम्हीच काढलंत तर काय? त्याला मी काय सांगू?"

संध्याकाळी अनिशचा दोन शब्दांचा मेसेज आला. चौघांची नावं वीस जुलैपर्यंत पटावर राहिली.

दौलतदादांना पत्र तिनेच दिलं. ते तारखांकडे बघतही नव्हते. पन्नाशीला आलेल्या माणसाला आता कोण घेणार, एवढंच विचारत राहिले. अकरा जूनचं तिने सांगितलं तर म्हणाले, "ठीक आहे, मॅडम." त्यांना त्या दिवशी त्याची काहीच किंमत नव्हती, आणि तिनेही कशातून काय घडलं ते सांगितलं नाही.

पुढे ऑफिसात तिला कोणी वाईट बोललं नाही. फक्त मीटिंगांना बोलावणं कमी झालं. मग ऑक्टोबरात नव्या नेमणूकपत्राचा मसुदा तिच्याकडे आला. त्यात एक नवीन ओळ होती. नोटीस दिली त्याच दिवसापासून शेअर्सचा हक्क पक्का होणं थांबेल. तिने काढलेली वाट कंपनीने बुजवली होती, आणि ती ओळ टाइप करायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने ते केलं. "बेकायदा काही नव्हतं त्यात," ती म्हणाली. "पण त्या पत्रावर माझी सही असणार, आणि समोर बसलेल्या माणसाला मीच ते समजावणार. दोन जणांना समजावलं. तिसऱ्याला नाही जमलं."

तिने राजीनामा दिला. तिचा स्वतःचा शेवटचा चौथा हिस्सा जानेवारीत पक्का होणार होता. "थांबायचंस की तीन महिने," मी म्हटलं. ती म्हणाली, "तारीख मला पाठ होती." लवूकाका आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. मग परळच्याच एका हॉस्पिटलात तिला पगारखात्यात काम मिळालं. पगार थोडा कमी, शेअर्स वगैरे काही नाहीत. तेव्हा काका बोलायला लागले.

वर्षभराने एका मोठ्या कंपनीने अनिशची कंपनी विकत घेतली. भाव आधी सांगितला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी मिळाला. तरी पक्के झालेल्या हिश्शांचे पैसे सगळ्यांच्या खात्यात आले. दौलतदादांना तीन हिश्शांचे मिळाले. ते आता अंधेरीच्या एका कंपनीत कंत्राटावर सॉफ्टवेअर तपासतात. त्या पैशातून त्यांनी उत्तमच्या होडीला नवं इंजिन घेतलं.

हे आम्हाला कळलं ते त्यांच्या फोनवरून. रविवारी सकाळी आम्ही दोघी शिवाजी पार्कला कट्ट्यावर बसलो होतो. मला वाटलं, आभार मानायला केला असेल. दौलतदादा वैतागले होते.

"मॅडम, एवढा टॅक्स कसा कापला? हे बरोबर आहे का?"

सुचित्राने पर्समधून पेन काढलं, माझ्याकडून भेळेचा कागद घेतला आणि म्हणाली, "आकडे वाचा एकेक. सावकाश." अर्धा तास ती त्यांना समजावत होती, शेअर हातात येतो तेव्हा तो पगार धरतात, म्हणून पगारासारखाच कर बसतो. कापलेली रक्कम बरोबर निघाली.

"म्हणजे हा पगारच?" दौलतदादा इतक्या मोठ्याने म्हणाले की मलाही ऐकू गेलं.

"हो," सुचित्रा म्हणाली, आणि हिशेबाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.